बाजेखालचं पातेलं

आमच्या घरात पाव यायचा तो कुणी आजारी पडलं तरच. ताप आला, जुलाब लागले, गोवर निघाला की अण्णा संध्याकाळी कामावरून येताना रद्दी कागदात गुंडाळलेला पाव आणत आणि आई तो गरम दुधात कुस्करून आजाऱ्यापुढे ठेवी. धडधाकट माणसानं भाकरी खायची, हा आमच्याकडचा कायदा. कधी मलाच बेकरीत धाडलं आणि मी हातात पाव घेऊन गल्लीतून निघाले की ओट्यावर बसलेल्या बाया लांबूनच विचारायच्या, "काय गं, कोण पडलंय घरी?" आज माझ्या मुलाच्या घरी रोज सकाळी पाव भाजला जातो, नातवंडं त्यावर लोणी फासून शाळेत जातात, आणि इतकी वर्षं झाली तरी तो वास आला की माझा हात आधी जवळच्या पोराच्या कपाळाकडे जातो. सुनेला याची गंमत वाटते. तिला वाटतं, सासू जुन्या वळणाची आहे. आहेच मी.

आम्ही जुन्या जालन्यात, मस्तगडला, तीन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. पुढं फरशीचं लहानसं अंगण, त्याला लागून इस्त्रीवाल्याची टपरी. सकाळी त्याच्या कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडझाप करायला लागलं की आम्ही उठायचो. मग गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा, मशिदीतली बांग व्हायची, आणि अण्णा सायकल पुसत पुसत कुणाला तरी टाकून बोलायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. राजूरजवळच्या खेड्यातलं शेत भावांच्या हवाली करून ते डाळमिलच्या गोदामात कामाला लागले होते. त्यांचा जीव मात्र तिकडेच. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले की दर्शन पाच मिनिटांत उरकायचं आणि बांधावर दोन तास बसून यायचं. आई मुळातच कमी बोलणारी. आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी शालन, घरातल्यांची शालू, जिला मी अक्का म्हणते.

आमच्या भिंतीला भिंत लावून मार्थाबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, एकट्या होत्या आणि नाताळच्या आधी घरी पाव करायच्या. आजारातला पांढरा, बेचव पाव नव्हे. मैदा दुधात मळून, फुगवून, पोळीसारखा लाटायचा. त्यावर तूप, साखर, कुटलेली दालचिनी आणि मनुका पसरायच्या. मग वळकटी करून डब्यात घालायची आणि डबा वाळूच्या पातेल्यात ठेवून खाली-वर निखारे. तासाभरानं असा वास सुटायचा की इस्त्रीवालासुद्धा टपरीतून डोकं बाहेर काढायचा. मार्थाबाई भिंतीवरून आम्हाला दोन दोन कापं द्यायच्या. मी गपागप खाऊन मोकळी व्हायची. अक्का मात्र ते काप फीत उलगडावी तसं उलगडत, एक एक मनुका वेचत, अर्धा तास पुरवायची. मला चिडवायचं म्हणून शेवटचा तुकडा डोळ्यांसमोर नाचवायची. मला तिचा भयंकर राग यायचा. आई हे सगळं भिंतीआडून बघत असणार, कारण पुढं मार्थाबाईंची बदली झाली तेव्हा तिला तो पाव न शिकवताच येत होता. पण केला नव्हता कधी. धडधाकट घरात पाव कशाला करायचा?

अक्काचं लग्न वाटूरला झालं. घर शेतकऱ्याचं, माणसं बरी, आमचे दाजी तर फारच गरीब स्वभावाचे. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि ऐन थंडीत तिला मुलगी झाली. बारसं व्हायचं होतं, तोवर आम्ही तिला ठमी म्हणायचो. ठमीच्या कपाळावर केस होते आणि झोपेत ती म्हातारीसारखी तोंड वाकडं करायची. माझ्याकडे एकदा असं तोंड करून तिनं पाहिलं आणि मी तिच्यावर जीव टाकला. सोळा वर्षांची मावशी होणं ही काय चीज आहे ते ज्याचं त्यालाच कळतं.

बाळंतपणासाठी गावाकडून गंगूआत्या आली होती. अण्णांची थोरली बहीण, विधवा, पोरबाळ नाही. अक्काला तिनंच लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलेलं. सगळ्या रीतीभाती तिच्या जिभेच्या टोकावर. तिनं आल्या आल्या मधल्या खोलीचा ताबा घेतला. उशाशी विळा ठेवला, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाजेखाली गवऱ्यांच्या निखाऱ्याची शेगडी. गवरीचा धूर डोळ्यांत जायचा, अक्का खोकायची, मग दार थोडं उघडं ठेवावं लागायचं आणि आत्या दर वेळी कुरकुरायची. बाहेर आम्ही थंडीनं काकडायचो, आत मात्र बाजरी भाजावी अशी ऊब.

सगळं होतं आणि एकच नव्हतं. अक्काला दूध येत नव्हतं. ती खातच नव्हती, तर येणार कुठून? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीची भाजी, लसणाची चटणी आणि बाजरीची भाकर, ताट जसं जायचं तसं परत यायचं. घास तोंडात घेतला की तिला उमळायचं. ठमी रडून रडून निळी व्हायची आणि आई कापसाचा बोळा गाईच्या दुधात बुडवून तिच्या ओठांवर धरायची. अर्धं दूध गळ्यावरून ओघळायचं. आठवड्यात पोरीचे हात काडीसारखे झाले. वाटूरहून सासू आली, नातीला मांडीवर घेतलं आणि जाताना आईला म्हणाली, "अंगावरचं दूध पायजे हो विहीणबाई. वरच्या दुधावर लेकरू धरत न्हाई." हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. घरात दुसरा विषयच नव्हता.

एका सकाळी आई अक्काच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "काय खावं वाटतंय तुला? मागशील ते देते." अक्का भिंतीकडे बघत म्हणाली, "मार्थाबाईचा पाव."

आत्या उसळलीच. "पावानं दूध येत असतं व्हय? अळीव खा म्हणावं, भाकर खा म्हणावं. बाळंतीण बाई कुठं आंबवलेलं खाऊन राह्यली का?"

"वन्सं, आठ दिस झाले, पोरीच्या पोटात काई न्हाई," आई म्हणाली. "तिनं दगड मागितला तरी शिजवून देईन मी."

आई असं बोलली की अण्णासुद्धा मान खाली घालायचे.

मला रशीदचाचांच्या बेकरीत पिटाळलं. त्यांनी पेल्यात पीठ फुगवायच्या खमिराचा गोळा दिला, पैसे घेतले नाहीत आणि बजावलं, "अम्मा को बोल, इत्ती ठंड में खमीर सोताच रैता, उठता नई. घर में सबसे गरम जगा रखना." मनुका आणि दालचिनी मी येतानाच घेतली. आईनं मैदा मळला, पातेल्यात घातला, वर ओलं फडकं टाकलं आणि चुलीजवळ ठेवला. दोन तास झाले, गोळा जसाच्या तसा. उन्हात ठेवला, तर उन्हातच दम नव्हता. तेव्हा आत्याच म्हणाली, "गरम जागा म्हणतो ना तो? मंग बाजेखालून गरम जागा कोणती हाय ह्या घरात?"

तिला तो पाव पटला नव्हता, पण एकदा करायचा ठरल्यावर तो बिघडलेला तिला चालणार नव्हता. माझी आत्या ही अशी. पातेलं बाजेखाली सरकवताना तिला आठवलं, की गवरीचा धूर त्या पिठाला लागेल. "धुरकट झाला तर पोरगी तोंडात घेईल का? आधीच तिचं तोंड गेलंय." म्हणून ती उठली, शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून पदरभर कोळसा घेऊन आली, गवऱ्या काढून टाकल्या आणि शेगडी कोळशानं भरली. कोळसा लालबुंद झाला. धुराचं नाव नाही. आत्या खूश झाली. "बघ गं, कसा निखारा हाय. उगीच इतके दिस धूर खात बसलो." आणि धूर नाही म्हटल्यावर दार उघडं ठेवायचं काही कारण उरलं नाही. तिनं ते ओढून घेतलं, खालच्या फटीला गोधडी लावली, की पिठालाही ऊब राहील आणि पोरीलाही.

कोळशाच्या निखाऱ्यातून जे निघतं त्याला वास नसतो, रंग नसतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं धूर हाच वैरी. तो इतके दिवस आमची राखण करत होता. माझ्या घरात आजही हिवाळ्यात दोन खिडक्या उघड्या असतात. सून म्हणते, "आई, गारठा येतोय." येऊ दे. त्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

दुपारची जेवणं झाली. आत्या अंगणात उन्हाला बसून वाती वळत होती, आई दालचिनी कुटत होती. खलबत्त्याचा तो आवाज आणि तो वास, किती दिवसांनी घरात काही चांगलं घडणार असं वाटत होतं. आई म्हणाली, "जा, दुप्पट झालं का बघून ये. आणि आवाज करू नको, दोघी निजल्यात." मी गोधडी बाजूला सारून दार उघडलं आणि आत शिरले. बाहेरून आल्यावर ती ऊब इतकी बरी वाटली की मी दार लावूनच घेतलं. वाकून पाहिलं. फडकं फुग्यासारखं वर आलं होतं. मला केवढा आनंद झाला! मी म्हणाले, "अक्का, फुगलं बघ!" ती बोलली नाही. मी उठून तिच्याकडे पाहिलं. तिचे गाल गुलाबी झाले होते. बाळंत झाल्यापासून तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा रंग पाहिला. कुशीत ठमी, तीही तशीच गुलाबी, तोंड वाकडं न करता शांत पडलेली. मला वाटलं, किती छान झोप लागलीय दोघींना. मी ठमीचा हात हातात घेतला. तो सोडल्यावर खाली पडला.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. माझं डोकं ठणकत होतं, उंबऱ्यात मी भडाभडा ओकले. आई माझ्या अंगावरून उडी मारून आत गेली. आत्यानं अक्काला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. ती म्हातारी हाडं, त्यांत एवढा जोर कुठून आला? इस्त्रीवाल्यानं रिक्षा थांबवली. मागं कुणीतरी शेगडी आणि पातेलं बाहेर ओढून अंगणाच्या कोपऱ्यात लोटलं.

दवाखान्यात डॉक्टर गोदामातून धावत आलेल्या अण्णांना म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर तुमची मुलगीही हाती लागली नसती. मुलगीही. त्या 'ही'मध्येच आम्हाला ठमीचं कळलं.

पुढं नात्यागोत्यात दोन पक्ष पडले. एक म्हणायचे, पाव बघायला कुणी आत गेलं म्हणून शालू वाचली. दुसरे म्हणायचे, पावापायी लेकरू गेलं. दोन्ही खरंच आहे आणि दोन्ही ऐकलं की मला सारखाच संताप येतो. अक्का आज वाटूरला आहे, तिला पुढं दोन मुलगे झाले, गुडघे धरलेत पण तोंड चालतं. माझ्यासमोर तिनं हा विषय आजवर काढलेला नाही, आणि मीही नाही. आत्या मात्र त्यानंतर कधी शेगडीपाशी बसली नाही. कडाक्याच्या थंडीतही गोधडी पांघरून लांब बसायची. आई तिला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर आत्याला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

त्याच संध्याकाळी ठमीला अण्णांनीच नेलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सायकलवर नाही, रिक्षात नाही, धोतराच्या जुन्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, छातीशी धरून, पायी गेले. दाजींना निरोप गेला होता, पण ते पोचेपर्यंत अण्णा आंघोळ करून ओल्या अंगानं ओट्यावर बसले होते.

अक्का रात्री शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगू नका, हिच्या अंगात जीव नाही, आधी पोटात काही जाऊ द्या. म्हणून आईनं तिला सांगितलं की बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, दोन दिवसांनी देतील. अक्कानं ते मानलं. आणि सकाळी आईला तिनं विचारलं ते एवढंच: "पाव झाला का?"

आई घरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या काकींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, कारण अशा दिवशी घरात चूल पेटत नाही. आई दारातच उभी राहून म्हणाली, "पोरगी पाव मागून राह्यली." काकी म्हणाल्या, "बेकरीतला न्या की वहिनी. सुतकात चूल कशी पेटवावी? त्यात गोडाचं, त्यात दालचिनीचा घमघमाट. काल लेकरू गेलंय घरातलं. लोक काय म्हणतील?"

त्या खोट्या बोलत नव्हत्या. रीत तशीच होती, आणि ती आम्हाला शिकवली होती आत्यानंच.

आत्या कालपासून कोपऱ्यात पाण्याच्या थेंबावाचून बसून होती. ती भिंतीला धरून उठली. अंगणाच्या कोपऱ्यात ते पातेलं रात्रभर तसंच पडलं होतं. पीठ फुगून काठावरून ओघळलं होतं, मग बसलं होतं, वरून वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. आत्यानं वरची खपली काढून टाकली आणि आतलं पीठ हातात घेतलं. मग शेगडी अंगणाच्या मध्यभागी, उघड्यावर, ओढत आणली आणि राहिलेला कोळसा तिच्यात ओतला.

"आत्याबाई," काकी म्हणाल्या, "तुमी तरी असं करू नका."

"मेलेलीचं सुतक मी धरीन," आत्या म्हणाली. "जिती हाय ती उपाशी हाय. ज्याला पटत न्हाई त्यानं घरी जावं."

बायका एकेक करून उठून गेल्या. काही रागानं, काही डोळ्यांना पदर लावून. आईला लाटणं धरवत नव्हतं, म्हणून आत्यानं लाटलं. जन्मात मैद्याला हात न लावलेली बाई, पण पुरणाच्या पोळीचा हात होता तिचा. कालची कुटलेली दालचिनी खलातच होती. मी मनुका पसरल्या. वळकटी डब्यात गेली, डबा वाळूत गेला, झाकणावर निखारे. आम्ही तिघी त्या शेगडीपासून लांब बसून राहिलो. थोड्या वेळानं वास सुटला आणि गल्लीभर गेला. इस्त्रीवाल्यानं त्या दिवशी टपरी उघडली नव्हती. अण्णा उठून आत गेले आणि मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या वासानं मला भूक लागली. पोटात खरोखर आग पडली, आणि मला माझ्या शरीराची किळस आली.

पाव एका अंगानं करपला होता. फडक्यात गुंडाळून आम्ही तो दवाखान्यात नेला. अक्का उशीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक. आईनं काप करून तिच्या हातात दिलं. तिनं आधी वास घेतला. मग पूर्वीसारखंच ते कडेनं उलगडायला सुरुवात केली. एक एक मनुका वेचून तोंडात टाकत होती. "जरा आंबट झालाय," ती म्हणाली.

"खमीर जास्ती झालं," आई म्हणाली.

अक्कानं ते काप संपवलं. दुसरं मागितलं. तेही उलगडत उलगडत संपवलं, आणि शेवटचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर नाचवला. उमळलं नाही, काही नाही. आत्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिच्या तोंडाकडे नुसती बघत होती. तिसऱ्या कापाच्या मध्यावर अक्का एकदम थांबली. तिनं खाली पाहिलं. चोळी दोन्ही बाजूंनी ओली होत होती. तिनं हात लावून बघितला, आणि हसली. किती दिवसांनी हसली.

"आई, बघ! अगं आलं! दूध आलं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा गं, पळ. नर्सबाईला म्हणावं, पोरीला काचेतून काढा. जल्दी जा, भुकेली असंल ती."

आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. मी उठले आणि पळाले, खरंच पळाले, दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत आत्यानं "शालू" अशी हाक मारलेली मला ऐकू आली.